माळ नांगरण्याचा सल्ला देण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चराईखालची जमीन पिकांखाली आणली की पर्यावरणावरचा भार हलका होईल, असे सुचवणारा आपला कालचा लेख वाचून अतिशय खेद वाटला. मांस, दूध, अंडी व मत्स्यशेती मिळून जगातली ८३ टक्के शेतजमीन व्यापतात आणि उष्मांक मात्र १८ टक्केच देतात, हा २०१८ सालच्या अभ्यासातला आकडा मला मान्य आहे. परंतु या ८३ टक्क्यांत खुराकासाठी पिकवलेली शेतेही येतात आणि नांगर चालूच नये असे उताराचे, खडकाळ, कमी पावसाचे माळही येतात, याचा लेखात उल्लेखच नाही.

असा एक माळ माझ्या डोळ्यांदेखत गेला. मेंढ्या चरत तोवर तिथे गवत टिकून होते. पुढे तो ‘पडीक’ ठरवून नांगरला गेला. सुरुवातीला पीक बरे आले, पण उताराच्या दिशेनेच तास ओढलेले असल्याने प्रत्येक मोठ्या पावसात त्यांतून गढूळ पाणी धावू लागले, ओघळींच्या घळी झाल्या आणि वरच्या अंगाला मुरूम उघडा पडला. गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली वीतभर माती ओढ्यात गेली ती गेलीच. नांगरट थांबली तरी गवत परतले नाही. मेंढपाळांना तेव्हा कोणी विचारले नव्हते, आणि आपल्या लेखातही त्यांच्यासाठी एक वाक्य नसावे, याचे मला फार वाईट वाटते. १९३०च्या दशकात अमेरिकेतील मैदानांत आणि १९५४नंतर कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात अशाच नांगरटीनंतर वाऱ्याने माती उडाली, हा इतिहास लेखकाला ठाऊक असणारच.

चराई निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून सुटणारा, पृथ्वीचे तापमान वाढवणारा मिथेन वायू खरा आहे, ॲमेझॉनचे जंगल कुरणांसाठी तोडले जाते हेही खरे आहे, आणि जनावरे बेसुमार झाली की माळ उजाड होतो. म्हणून किती जनावरे, किती दिवस आणि कोणत्या जमिनीवर, हे विचारायला हवे होते.

शिवाय लेखासोबतचे छायाचित्र चराईचे नव्हतेच. त्यातली जनावरे बंदिस्त आवारात दाटीवाटीने उभी होती. त्यांचा मका आणि सोयाबीन नांगरलेल्या शेतांतूनच येतो, एवढा खुलासा तरी आपण येत्या अंकात छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक