क्लोरीन ३६ चा आणि घोटभर पाण्यात १२,३२१ रेणू: गाईडबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व संपादन विभाग

विषय: इयत्ता नववीच्या विज्ञान गाईडमधील गंभीर चुका, शुद्धिपत्र व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

मी कोल्हापुरात राजारामपुरीत माध्यमिक शाळेच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घेते. यंदा माझ्या बॅचमधल्या बहुतेक मुलांकडे आपलं गाईड आहे. मुखपृष्ठावर ‘सुधारित आवृत्ती’ असा शिक्का आहे. काय सुधारलं ते अणू आणि मोलच्या (अणू-रेणू मोजायच्या एककाच्या) प्रकरणात तरी सापडलं नाही. महाद्वार रोडच्या दुकानदाराचं म्हणणं, बाइंडिंग सुटलं असतं तर प्रत बदलून दिली असती, आतल्या मजकुराचं कंपनीला लिहा. म्हणून लिहिते.

‘३६ ग्रॅम पाण्यात किती रेणू?’ हे सोडवलेलं उदाहरण बघा. पाण्याचं रेणुवस्तुमान १८, म्हणजे २ मोल, इथपर्यंत ठीक. पुढे उत्तर छापलंय ‘१२.०४४ × १०२३’. दहाच्या डोक्यावरचा २३ खाली उतरून शेजारी बसला. एका मुलीनं इमानेइतबारे गुणाकार केला आणि वहीत लिहिलं, १२,३२१ रेणू. तिचा गुणाकार बिनचूक आहे. घोटभर पाण्यात एवढेच रेणू असते तर ते पाणी सूक्ष्मदर्शकाखालीही दिसलं नसतं! अख्ख्या प्रकरणात अ‍ॅव्होगाड्रो संख्या (एका मोलमधल्या कणांची संख्या) अशीच छापली आहे, म्हणजे तुमचा एक मोल सहा हजार एकशे साठचा. खरा मोल ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात. मे २०१९ पासून तर ही संख्या व्याख्येनंच पक्की ठरवलेली आहे.

तुमच्या हेल्पलाइनवर उत्तर मिळालं, फाँट कन्व्हर्ट करताना तसं झालं असेल. बरं, मान्य. मग क्लोरीनचं ३६ कुठल्या फाँटनं आणलं?

माझी मुख्य तक्रार हीच आहे. क्लोरीनची दोन समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानांचे अणू), ३५ आणि ३७. गाईडनं त्यांची बेरीज केली, दोनानं भागलं आणि सरासरी अणुवस्तुमान ३६ काढलं. त्याच गाईडच्या शेवटी जी आवर्तसारणी आहे तिच्यात क्लोरीनपुढे ३५.५ छापलंय. निसर्गात ३५ चे अणू सुमारे ७६ टक्के आणि ३७ चे सुमारे २४ टक्के असतात, म्हणजे ढोबळ मानानं चारांत तीन ३५ चे आणि एक ३७ चा. एकूण १४२ भागिले ४, साडेपस्तीस. गोठ्यात तीन म्हशी सात-सात लिटर देणाऱ्या आणि एक अकरा लिटर देणारी असेल, तर सात आणि अकरा मिळवून दोनानं भागणारा गवळी आमच्या गंगावेशीत तरी भेटायचा नाही.

ही रीत जास्त धोक्याची अशासाठी, की काही ठिकाणी ती योगायोगानं जुळते. हुपरीहून येणाऱ्या एका मुलाच्या घरी चांदीचं काम चालतं. त्यानं चांदीचं गणित याच रीतीनं केलं. १०७ आणि १०९, मधोमध १०८. खरं अणुवस्तुमान १०७.८७, म्हणजे जवळपास बरोबर! चांदीची दोन्ही समस्थानिकं साधारण ५२ आणि ४८ टक्के असतात, म्हणून जमलं. ब्रोमीनचंही तसंच. पोराला वाटलं, रीतच खरी. मग तांब्याला (६३ आणि ६५) तो ६४ म्हणाला. तिथे ६३ चे अणू ६९ टक्के, त्यामुळे उत्तर येतं ६३.५५. मिठाचं, म्हणजे सोडिअम क्लोराइडचं, रेणुवस्तुमानही मुलं ५८.५ ऐवजी ५९ लिहू लागलीत, आणि मोलची पुढची सगळी गणितं त्याच आकड्यावर उभी राहतात.

बाकीचं थोडक्यात. अरगॉन-४० आणि कॅल्शिअम-४० यांना समस्थानिकं म्हटलंय. अणुअंक १८ आणि २०, मूलद्रव्यंच वेगळी, मग समस्थानिकं कशी? ‘एक मोल ऑक्सिजन वायू’चं वस्तुमान १६ ग्रॅम दिलंय. तो अणूंचा मोल झाला, वायूचा ३२. आणि ‘एकाच मूलद्रव्याच्या सर्व अणूंचं वस्तुमान समान असतं’ या विधानापुढे ‘बरोबर’ छापलंय, तेही समस्थानिकांच्याच प्रकरणात. हे डाल्टननं १८०८ मध्ये मांडलं होतं. सॉडीनं १९१३ मध्ये समस्थानिकांची कल्पना मांडल्यावर ते टिकलं नाही.

माझी मागणी अशी: या प्रकरणाची पानं एखाद्या रसायनशास्त्राच्या शिक्षकाकडून तपासून घ्या, पुन्हा छापा आणि शुद्धिपत्र विक्रेत्यांमार्फत गाईड घेतलेल्या प्रत्येक मुलापर्यंत पोचवा. वेबसाइटच्या कोपऱ्यात टाकलेली पीडीएफ चालणार नाही, निम्म्या पालकांना ती सापडणारही नाही. ज्यांना गाईड परत करायचं असेल त्यांना पूर्ण किंमत मिळावी. सहामाहीच्या आत हे झालं नाही, तर आम्ही पालकांच्या सह्यांनिशी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

उत्तर लेखी द्यावे. फोनवर फाँटची गोष्ट पुन्हा ऐकायची नाही.

कळावे,
एक ग्राहक व शिक्षिका
राजारामपुरी, कोल्हापूर

सोबत: खरेदीच्या बिलाची प्रत, चुकीच्या पानांचे फोटो, मुलीच्या वहीतील उदाहरणाची झेरॉक्स