पाइनचे बोन्साय दिवाणखान्यासाठी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘घरात ठेवा, दोन दिवसांआड पाणी घाला’ एवढ्याच सूचनेवर पाइनचे बोन्साय हल्ली आपल्याकडे विकले जाते. तीन वर्षांपूर्वी मीही असेच एक झाड विकत घेतले आणि पोळ्याच्या सुमारास ते गमावले. कुंडी उपडी केली तेव्हा आतून आपल्या शेतातली असावी तशी काळी माती निघाली. कपाशीला मानवणारी ही माती उथळ कुंडीत पाणी धरून ठेवते आणि पाइनच्या मुळांचा श्वास कोंडते. मुळे कुजल्यानंतरही सुया, म्हणजे पाइनची सुईसारखी पाने, काही आठवडे हिरव्या राहतात. त्या पिवळ्या पडल्याचे मला दिसले, तेव्हा झाड केव्हाच मेलेले होते.

दुसरे झाड घेताना मी आधी सुया मोजल्या. हिमालयाच्या पायथ्याशी वाढणाऱ्या चीड जातीला एका झुपक्यात तीन सुया असतात, जपानी काळ्या पाइनला दोन. आणि ज्याला झुपकेच नाहीत, ते बहुधा अरोकेरिया किंवा मोरपंखी असते, जे आमच्याकडे बिनदिक्कत पाइन म्हणून खपते. जपानी पाइनला हिवाळ्यात जी थंड विश्रांती लागते, ती अकोल्याच्या हवेत पुरेशी मिळत नाही. चीड मात्र उन्हाळ्यात तापणाऱ्या डोंगरउतारांवरचेच झाड आहे.

हे झाड मी बारमाही अंगणात ठेवतो. जुन्या घराचे उतरवलेले कवेलू कुटून, चाळून, भुकटी टाकून देऊन हरभऱ्याएवढे खडे मी कुंडीत भरले व त्यात मूठभर जुने शेणखत मिसळले (भर दुपारी कवेलू कुटत बसल्याबद्दल घरच्यांचे बरेच ऐकूनही घेतले). कुंडी बदलताना मुळांभोवतीचे पांढरे बुरशीचे जाळे धुऊन टाकू नये, कारण ती बुरशी मुळांना अन्नपाणी मिळवून देते. नवतपात खरा धोका असतो तो तापलेल्या कुंडीचा. पारा ४५ अंशांवर गेला की उथळ कुंडीतील मुळे उकडून निघतात, म्हणून एप्रिलपासून मृग लागेपर्यंत मी कुंडीला ओले पोते गुंडाळतो आणि पश्चिमेला तट्टा उभा करतो. पावसाची झड लागली की एका बाजूला विटेचा तुकडा सारून कुंडी तिरपी केली, तर पाणी साचत नाही. छाटणी करताना मात्र फांदीवर काही हिरव्या सुया राखाव्यात. पूर्ण उघडी केलेली फांदी सहसा पुन्हा फुटत नाही.

जपानने १९७६ मध्ये अमेरिकेला भेट दिलेले पांढऱ्या पाइनचे एक बोन्साय १६२५ पासून जोपासलेले आहे. १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हाही ते रोपवाटिकेच्या भिंतीआड, उघड्यावरच होते.

कृषी केंद्रातून घेतलेल्या बियाण्याच्या पिशवीवरही वाण छापलेले असते. मग एवढ्या महागड्या झाडाबरोबर त्याची जात, कुंडीतील माती आणि ‘उघड्यावर ठेवावे’ एवढे लिहिलेली चिठ्ठी देण्यास विक्रेत्यांना कोणती अडचण आहे?

आपला,
एक वाचक, ता. अकोट, जि. अकोला