इस्तंबूलला सोबत आलेल्या काकूंचे आभार

ती. काकू,

सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहू का, असं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझं नाव घालू नकोस, बाकी खुशाल लिही. कुणाला उपयोग झाला तर होऊ दे." म्हणून नाव तेवढं गाळते आहे.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. मी स्टुटगार्टला नोकरी करते. गेल्या वर्षी इस्तंबूलला जाऊन मी नाकाची शस्त्रक्रिया करून घेतली. श्वासाचा त्रास नव्हता, अपघातही झालेला नव्हता. नाकाच्या दांड्यावरचा उंचवटा मला लहानपणापासून नको होता, एवढंच कारण. काकू माझ्या मैत्रिणीच्या आई. पुण्यात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणून त्यांनी उभा जन्म काढला. निवृत्तीनंतर त्या लेकीकडे जर्मनीत राहायला आल्या होत्या, आणि आमची ओळख तोवर दिवाळीच्या फराळापुरतीच होती.

काकू, तुमच्या मदतीत सगळ्यात मोठी कोणती, याचा मी पुष्कळ विचार केला. तुम्ही मला "कशाला?" असं एकदाही विचारलं नाहीत. घरी विषय काढला तर आई म्हणाली, देवाने धडधाकट नाक दिलंय, त्याला सुरी कशाला लावायची. मैत्रिणींनी सुचवलं, श्वासाचा त्रास आहे म्हणून सांग, म्हणजे कुणी नाकं मुरडणार नाही. तुम्ही म्हणालात, "करायचं की नाही ते तुझं तू ठरव. करायचं ठरलं तर हर्नियाच्या ऑपरेशनइतकंच नीट करू. भूल तीच असते आणि रक्तही तेच असतं." त्या वाक्याने मला हलकं वाटलं. हौसेचं ऑपरेशन म्हणजे कमी जपायचं ऑपरेशन, अशी सगळ्यांची समजूत असते, आणि नेमकी तिथेच माणसं फसतात.

पहिल्या क्लिनिकने व्हॉट्सअ‍ॅपवर माझे फोटो मागवले, तासाभरात कोरीव नाक लावलेला माझाच फोटो परत पाठवला, आणि हॉटेल, गाडी, ऑपरेशन असा एकरकमी दर सांगितला. आठवड्यात पैसे भरले तर सवलत. तुम्ही तो फोटो बघितलात, चष्मा लावलात आणि मैत्रिणीच्या मुलाच्या शाळेच्या वहीत प्रश्न लिहायला घेतलेत. सुरी कुणाच्या हातात असणार, आणि तो डॉक्टर आधी माझ्याशी स्वतः बोलणार का? भूल देणारा भूलतज्ज्ञच आहे ना, आणि मी शुद्धीवर येईपर्यंत तो तिथे थांबणार का? ऑपरेशन क्लिनिकच्या खोलीत की आयसीयू असलेल्या रुग्णालयात? परदेशी रुग्ण घ्यायला तुर्कस्तानात आरोग्य मंत्रालयाचं अधिकारपत्र लागतं, २०१७ पासून तसा नियम आहे. ते यांच्याकडे आहे का? रात्री दोन वाजता रक्त आलं तर फोन कोण उचलेल? दुरुस्तीचं दुसरं ऑपरेशन लागलं तर त्याचे पैसे कुणी भरायचे?

या प्रश्नांवर त्या क्लिनिककडून आली ती आणखी मोठी सवलत. उत्तर एकाही प्रश्नाचं आलं नाही. तुम्ही वहीत त्या नावावर रेघ मारलीत.

ज्यांच्याकडे शेवटी गेलो त्या सर्जननी व्हिडिओवर सावकाश बोलून सांगितलं की माझी कातडी जाड आहे. खालची कूर्चा, म्हणजे नाकातलं मऊ हाड, कितीही कोरली तरी जाड कातडीतून नाकाचा शेंडा फोटोसारखा टोकदार दिसणार नाही, आणि सूज उतरायलाही वेळ लागेल. मी हिरमुसले. तुम्ही मात्र खूश झालात. "काय जमणार नाही ते आधी सांगतोय ना, मग याच्याकडे जायचं."

जर्मनीतल्या वाचकांनी इथे एक लक्षात ठेवावं. वैद्यकीय गरज नसलेल्या सौंदर्य शस्त्रक्रियेतून गुंतागुंत झाली तर सरकारी आरोग्य विमा त्या उपचारांच्या खर्चात रुग्णाला वाटा उचलायला लावतो, तसं कलमच आहे. आजारपणाची पगारी रजाही अशा ऑपरेशनला मिळत नाही. काकूंनी मला ते विमा कंपनीकडून लेखी मागवायला लावलं, हक्काची सुट्टी साठवायला लावली, आणि परतल्यावर तपासायला इथला एक कान-नाक-घशाचा डॉक्टर जाण्याआधीच ठरवून ठेवायला लावला. दुसऱ्याने केलेलं नाक बघायला डॉक्टर सहसा राजी नसतात. तिसऱ्या दारावर होकार मिळाला.

मग तयारी. आईने पुण्याहून पाठवलेल्या हळदीच्या आणि लसणाच्या कॅप्सूल, माझं माशाचं तेल, व्हिटॅमिन ई, सगळं तुम्ही कपाटातून काढून पिशवीत भरलंत. स्वयंपाकातली हळद-लसूण चालेल, पण गोळ्यांतल्या अर्काने रक्त गोठायला अडथळा येऊ शकतो. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन दोन आठवडे आधीपासून बंद, डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. हे सगळं तुम्ही सर्जनकडूनही वदवून घेतलंत. माझी चमकी कित्येक वर्षांत निघाली नव्हती, फिरकी आत रुतली होती. तुम्ही खोबरेल तेलाचं बोट आतून फिरवलंत, थोडं थांबलात, आणि नखाने अर्धा-अर्धा आटा सोडवत ती काढलीत. ऑपरेशन थिएटरमध्ये रक्त थांबवायला विजेची कॉटरी वापरतात, अंगावर धातूचा कणही नको, हे सांगत सांगत. चमकी कापसात गुंडाळून तुमच्या बटव्यात गेली.

आणि तुम्ही स्वतः यायला निघालात! शेंगेन व्हिसा असल्यामुळे तुम्हाला तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळाला. परत जर्मनीत शिरता येईल ना, हेही तुम्ही व्हिसावर तपासलंत. इस्तंबूलला दोन मोठे विमानतळ आहेत, त्यातला साबिहा ग्योकचेन आशियाच्या बाजूला. आमचं रुग्णालय युरोपच्या बाजूला, शिशलीत. सुजलेल्या तोंडाने पुलावरच्या गर्दीत अडकायचं नाही म्हणून तुम्ही तिकीट बदलायला लावलंत.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आई फोनवर रडत होती. तिला तुम्ही कावसजीची गोष्ट सांगितलीत. इंग्रजी फौजेचा मराठा गाडीवान, टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ती हकिकत चित्रासह छापून आली, आणि १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जनने त्याच रीतीने लंडनमध्ये ऑपरेशन केलं. "आपल्या पुण्याची विद्या आहे वहिनी, परकी नाही," तुम्ही म्हणालात. कावसजीचं नाक आणि माझं, दोन्हींची गरज सारखी नव्हती, हे आईलाही कळत होतं. पण तिचं रडू थांबलं, आणि मी आत गेले तेव्हा ती कावसजीचं पुढे काय झालं ते विचारत होती.

त्या रात्रीबद्दल लिहायलाच हवं. दोन्ही नाकपुड्यांत सिलिकॉनच्या पट्ट्या, वरून नाकाला आधार देणारं कडक स्प्लिंट, श्वास फक्त तोंडाने. ओठ आणि जीभ लाकडासारखी कोरडी. तुम्ही दर थोड्या वेळाने ओलं गॉज ओठांवर ठेवत होतात. उशा रचून मला अर्धवट बसवून झोपवलंत, बर्फाचा शेक डोळ्यांभोवती दिलात, नाकावर नाही. नाकाखालची गॉजची पट्टी बदलली की वेळ आणि ती किती भिजली ते वहीत टिपत होतात. हॉटेलवर आल्यावर एका रात्री पट्ट्या भराभर भिजू लागल्या. मी घाबरले. तुम्ही मोबाइलच्या उजेडात घसा बघितलात, मागून रक्त उतरत नाही याची खात्री केलीत, आणि सर्जनच्या नंबरवर फोन लावलात. तो उचलला गेला. वहीतल्या नोंदी तुम्ही वाचून दाखवल्यात, तिकडून सूचना आल्या, आणि पहाटेपर्यंत सगळं थांबलं. गॉज मात्र संपलं होतं. तिथे बंद औषध दुकानाच्या दारावर त्या रात्री उघडं असलेल्या दुकानाचा पत्ता लावलेला असतो. तुम्ही पत्त्याचा फोटो काढून, हॉटेलच्या पोऱ्याला बरोबर घेऊन, चढ चढून गेलात आणि लाल "ई" च्या पाटीखालून गॉज घेऊन आलात. गुडघेदुखीचं तोंडातून अवाक्षर नाही.

रोज सकाळी तुम्ही तेच विचारायचात: दुखणं वाढतंय की कमी होतंय, ताप आहे का, दोन्ही बाजू एकदम गच्च बंद झाल्यासारख्या वाटतात का. मधल्या पडद्यात रक्त साठलं तर कूर्चा मरते, तिथे तासांचा हिशेब असतो, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. आधी सांगितलं असतंत तर मी झोपलेच नसते.

स्प्लिंट सातव्या दिवशी निघालं. आरशात सुजलेलं, रुंद, शेंडा वर गेलेलं एक नाक होतं आणि डोळ्यांखाली पिवळट-हिरवे डाग. मी ढसाढसा रडले. तुम्ही आधीच बजावलं होतं की पहिल्या आठवड्यात मन खचतं. भूल, झोपेचा अभाव, आणि चेहरा आपला वाटत नाही. "आज आरशाचं मत घ्यायचं नाही," म्हणत तुम्ही मला शिशलीतल्याच निशान्ताशी भागात फिरायला नेलंत. तिथे नाकावर पट्टी लावलेली माणसं कॅफेत चहा पीत बसली होती, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एका खानावळीत मसूरडाळीचं सूप मिळालं. तुम्ही चव घेऊन म्हणालात, फोडणी हवी होती, बाकी वरणच आहे. त्यानंतर परत येईपर्यंत तेच सूप आणि दुधातला भात.

बाकीचं मी भराभर सांगते. शिंक आली की तोंड उघडून शिंकायचं, नाक शिंकरायचं नाही, खाली वाकायचं नाही, सलाईनने नाक धुवायचं. चष्मा नाकावर टेकायला नको म्हणून तुम्ही तो कपाळाला चिकटपट्टीने टांगून दिलात. निघताना ऑपरेशनचा इंग्रजी अहवाल सही-शिक्क्यासह हातात पडेपर्यंत तुम्ही खुर्चीवरून उठला नाहीत. इथल्या डॉक्टरने सगळ्यात आधी तोच मागितला.

आता वर्ष होत आलंय. उंचवटा गेला. शेंडा बरेच महिने बधिर होता, आता तिथे स्पर्श कळतो. सकाळी थोडी सूज असते, आणि डावी नाकपुडी किंचित वेगळी आहे, जी मला आणि तुम्हालाच दिसते. हे नाक मला फार आवडतं. सर्जननी चमकी घालायला परवानगी दिली आहे. मामेबहिणीच्या लग्नात नथ घालीन, तुम्ही म्हणालात तशी हलकी, दाबाची नाही.

तुमच्या वहीतल्या प्रश्नांचे फोटो मी असंच ऑपरेशन करू पाहणाऱ्या दोघींना पाठवले, तुम्हाला विचारूनच. एक पुढच्या महिन्यात जाते आहे, बहीण सोबत आहे. दुसरीला तिच्या क्लिनिकने भूलतज्ज्ञाबद्दल उत्तरच दिलं नाही, तिने आगाऊ रक्कम भरायचं थांबवलं. तिने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

आणि आईचा निरोप: तुमच्यासाठी इरकल घेऊन ठेवलं आहे, पुण्याला आलात की आधी आमच्याकडे जेवायला यायचं, नाही म्हणायचं नाही.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
स्टुटगार्टची लेक