ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र : रुग्णालयाची लाइट किती वेळा गेली, हे मोजा

माननीय ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

मी मिरजेतला भूलतज्ज्ञ. माझं स्वतःचं रुग्णालय नाही. सांगली-मिरजेतली लहान रुग्णालयं ऑपरेशनला बोलावतात, कधी जत, कवठेमहांकाळकडूनही निरोप येतो. कुठल्या जनरेटरचा भरवसा नाही आणि कुठल्या यूपीएसच्या बॅटऱ्या थकल्यात, हे त्यामुळे मला ठाऊक असतं. नव्या ठिकाणी भूल देण्याआधी मी ऑक्सिजनचा सिलिंडर तपासतो, हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग जवळ घेतो आणि विचारतो, "लाइट गेली तर जनरेटर आपोआप सुरू होतो, की कुणी खाली जाऊन चालू करायचा?"

या प्रश्नामागची भीती दहा-पंधरा सेकंदांची आहे. सिझेरियन चालू असताना फीडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी वीजवाहिनी, ट्रिप झाला, तर सक्शन थांबतं आणि पोटातलं रक्त शोषलं जात नाही. रक्तस्राव थांबवणारी विजेची कॉटरी बंद, वरचा दिवा बंद. डायलिसिसच्या जुन्या मशीनची बॅटरी दगा देते, तेव्हा सिस्टर हाताने पंप फिरवून नळ्यांतलं रक्त गोठण्याआधी रुग्णाच्या अंगात परत पाठवतात. लाइट लगेच परत येते. पण मशीनला पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो, आणि व्होल्टेजच्या हिसक्याने एखादं कार्ड जळालं तर दुरुस्तीचा माणूस पुण्याहून यावा लागतो.

साहेब, आपल्या मोजमापात हे नीट दिसत नाही. पुरवठ्याच्या विश्वासार्हतेचे प्रमुख निर्देशांक पुरवठ्यातले मोठे खंड, म्हणजे बराच वेळ वीज गेल्याचे प्रसंग, मोजतात आणि त्यांची सगळ्या ग्राहकांमागे सरासरी काढतात. काही सेकंदांचे खंड त्यात येत नाहीत, त्यांचा निर्देशांक वेगळा. त्या सरासरीत शेतातलं घर, किराणा दुकान आणि अतिदक्षता विभाग सारखेच.

विजेचा तुटवडा ही आमची अडचण नाही. शेजारच्या साताऱ्यात १९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्प आहे, आमच्या ढालगाव भागात पवनचक्क्या आहेत. घोडं अडतं ते उपकेंद्रापासून रुग्णालयाच्या डीपीपर्यंतच्या (रोहित्रापर्यंतच्या) शेवटच्या टप्प्यात. स्वतंत्र एक्सप्रेस फीडर घ्यायचा तर खर्च ग्राहकाचा, आणि वीस खाटांच्या रुग्णालयाला तो झेपत नाही.

मग जनरेटरचं डिझेल येतं. एका लिटरमधून साधारण तीन ते साडेतीन युनिट निघतात. डिझेल ९० रुपयांच्या आसपास धरलं तर नुसत्या इंधनाचाच खर्च युनिटला २६ ते ३० रुपये. यूपीएसच्या बॅटऱ्या आणि जनरेटरची देखभाल त्यावर वेगळी. शिवाय बिलातला स्थिर किंवा मागणी आकार, जो वापरलेल्या युनिटांवर अवलंबून नसतो, तो चुकत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णाचं पॅकेज ठरलेलं असतं, तिथं हा भार रुग्णालय सोसतं. इतर रुग्णांच्या बाबतीत तो त्यांच्या बिलात उतरतो, आणि ते बिल भरायला दागिने गहाण ठेवणारे नातेवाईक मी पाहतो.

रुग्णालयांना व्यापारी दरातून काढून सार्वजनिक सेवेच्या गटात घातलं, हे चांगलंच झालं. पण त्या गटातही खासगी रुग्णालयाचा दर सरकारीपेक्षा जास्त आहे. वेळेनुसार बदलणारा दरही रुग्णालयाच्या सोयीचा नाही. कारखाना आपलं काम दुपारच्या स्वस्त तासांत नेऊ शकतो. बाळंतपण संध्याकाळचं रात्रीवर ढकलता येत नाही.

कायद्यात वाट आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ६२(३) नुसार पुरवठ्याचं स्वरूप आणि वापराचा हेतू पाहून दरात फरक करता येतो. कलम ६५ खाली शासन अनुदान देऊ शकतं. शेतीपंपांना सवलत देताना शासनाने हा मार्ग वापरला आहे, आणि माझी त्याला हरकत नाही. कलम १०८ खाली सार्वजनिक हिताच्या धोरणाबाबत शासन वीजदर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगाला निर्देश देऊ शकतं.

म्हणून मागतो ते एवढंच : शस्त्रक्रिया, प्रसूती, डायलिसिस किंवा अतिदक्षता विभाग असलेल्या प्रत्येक रुग्णालयाच्या मीटरवर प्रत्येक खंड नोंदवावा, सेकंदांचासुद्धा. ती नोंद फीडरनिहाय दर महिन्याला जाहीर व्हावी. मर्यादेबाहेर खंड झाले तर त्या महिन्याचा स्थिर किंवा मागणी आकार अर्ज न करता कमी व्हावा. आज तक्रार करायची तर पुरावा आमच्याकडे मागितला जातो, आणि ऑपरेशन टेबलाशी उभा असलेला माणूस घड्याळ लावून नोंदी ठेवू शकत नाही. ग्रामीण रुग्णालयांना सौर पॅनेल देताना बॅटरीही द्यावी. बॅटरीविना ग्रिडला जोडलेले पॅनेल लाइट गेली की बंद पडतात, हे मंजुरी देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

पुराचंही सांगतो. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेने सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. पाण्यात गेलेल्या भागाचा पुरवठा सुरक्षेसाठी तोडावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पूररेषेतल्या रुग्णालयांच्या डीपी उंचावर घेणं आणि त्यांना दुसऱ्या उपकेंद्राचा पर्यायी पुरवठा देणं, ही उन्हाळ्यात उरकायची कामं आहेत. सांगली जिल्ह्यातल्या अशा रुग्णालयांची यादी या मार्चअखेर करायला सांगा. आम्ही डॉक्टर ती करायला मदत करू.

आपला,
एक भूलतज्ज्ञ, मिरज