जिवाणू खताचे पाकीट शेतापर्यंत जिवंत पोहोचू द्या

प्रति,
माननीय कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

विषय : रायझोबियम जिवाणू खताची साठवण व पेरणीपूर्व तपासणी.

महोदय,

गेल्या खरिपात पेरणीनंतर पंचेचाळिसाव्या दिवशी मी सोयाबीनची चार झाडे मुळांसकट खणून काढली, बादलीत माती धुतली आणि मुळांवरच्या गाठी नखाने फोडून पाहिल्या. बियाण्याला लावलेले रायझोबियम जिवाणू मुळांवर या गाठी धरवतात आणि हवेतला नत्र स्थिर करतात, म्हणजे झाडाला वापरता येईल असा करून देतात. असे काम करणारी गाठ आतून गुलाबी असते, कारण तिच्यात आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या कुळातलेच द्रव्य असते. माझ्या झाडांवर गाठी मोजक्याच होत्या आणि त्याही बहुतेक पांढऱ्या.

बीजप्रक्रियेत मी कसर ठेवली नव्हती. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅमचे पाकीट, गुळाचे थंड केलेले पाणी, बुरशीनाशक आधी व जिवाणू शेवटी, सावलीत सुकवून लगेच पेरणी, असे सारे केले होते. पाकिटाने मात्र अख्खा मे महिना दुकानाच्या पत्र्याखाली, औषधांच्या खोक्यांवर काढला होता. छापील मुदत बाकी होती. चार झाडांवरून ते पाकीट मेलेलेच होते असे सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण ते जिवंत आहे की नाही हे विकत घेताना कळण्याची कोणतीही सोय मला नव्हती, ही माझी तक्रार आहे.

खत नियंत्रण आदेशात 2006 पासून जैविक खते आली, आणि भुकटी स्वरूपातल्या रायझोबियमच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत पेशी असाव्यात असे बंधन आहे. ही संख्या कारखान्यात भरली, तरी विदर्भातल्या उन्हाळ्यात ती टिकतेच असे नाही. युरिया तापला तरी युरियाच राहतो, जिवाणू मरतो. मग पीक पिवळे पडले की आम्ही युरिया फेकतो, आणि आयता नत्र मिळाल्यावर झाड गाठी धरायचेच कमी करते.

पशुवैद्यकीय दवाखान्यात लस फ्रिजमध्ये राहते. तशी या पाकिटांसाठी प्रत्येक तालुक्याला एक थंड खोली असावी आणि दुकानदाराने लागतील तेवढीच पाकिटे तिथून उचलावीत. दुसरे म्हणजे, सोयाबीनचा जिवाणू प्रयोगशाळेतही सावकाश वाढतो, त्यामुळे पेरणी झाल्यावर काढलेला नमुना म्हणजे शवविच्छेदनच. किरकोळ दुकानांतले नमुने मेअखेर काढून त्यांचे निकाल, लॉट क्रमांकासह, पेरणीपूर्वी तालुका कृषी कार्यालयाच्या फलकावर लावावेत, ही विनंती.

आपला,
वाशिम जिल्ह्यातील एक सोयाबीन उत्पादक