भूशास्त्र दोन ओळींत उरकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या करिअर पुरवणीत भूशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र एकाच परिच्छेदात कोंबून 'दोन्हींत संधी सारख्याच' असं लिहिलंय. हे साफ चूक आहे. ज्यांच्या घरी सध्या प्रवेशाचे फॉर्म भरले जाताहेत, त्यांना ही चूक महागात पडेल. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ यांच्यासाठी केंद्रीय लोकसेवा आयोग भूवैज्ञानिकांची जी परीक्षा घेतो, तिला भूशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. नुसत्या पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.वर भूवैज्ञानिकाच्या पदाला अर्जही करता येत नाही. आधी खडक शिकून घेतला तर पर्यावरणाकडे नंतर वळता येतं. उलटी वाट अवघड आहे.

माझ्या पुतणीला मी हेच सांगितलं होतं. मार्कांत ती कुठेच कमी नव्हती. प्रवेशाच्या वेळी कॉलेजातल्या समुपदेशक बाईंनी तिला माझ्यादेखत विचारलं, "दगड गोळा करून पोट भरतं का? कॉम्प्युटर घे." विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून तिथे तो विषयच बंद करायचं चाललंय, हे नंतर कळलं. आलेल्या मुलांना असं हुसकावून लावायचं आणि मग विभागाला कुलूप घालायचं, ही कुठली रीत?

पोरीने ऐकलं नाही. परगावी जाऊन शिकली. गेल्या उन्हाळ्यात आमच्या रानात बोअर घेताना ती गाडीपाशी उभी राहून बाहेर पडणारा चुरा तळहातावर घेऊन बघत होती. आधी काळ्या पाषाणाची राखाडी भुकटी, मग लाल गेरू, त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या दगड, आणि पुन्हा पाषाण. गाडीवाला अजून शंभर फुटांसाठी मागे लागला होता. ती म्हणाली, "काका, आता सलग पाषाण लागलाय, यात पाणी साठत नाही. पैसे घालवू नका." आम्ही तिथेच थांबलो.

राज्याची ८० टक्क्यांहून अधिक जमीन याच काळ्या दगडाची आहे. २०१४ मध्ये दरड कोसळून माळीण गेलं, २०२१ मध्ये तळीये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती, असं तेव्हा सरकारनेच सांगितलं. डोंगर पायाखाली घालून अशा याद्या करायला माणसं लागतात, आणि ती याच विभागांतून तयार होतात. म्हणून म्हणतो, पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापा. भूशास्त्र कुठल्या कॉलेजांत उरलंय, फील्डवर्क किती करून घेतात, कुठल्या पदाला कोणती पदवी चालते, हे पालकांना कळू द्या.

आणखी एक. त्याच अंकात पान ५ वर नारळ हातात धरून पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याचं फोटोसकट कौतुक आहे. त्याच्या शब्दावर कर्ज काढून कोरडे बोअर घेतलेले शेतकरी माझ्या गावात आहेत. तुमच्या वार्ताहराने त्यांनाही भेटावं.

आपला,
एक जुना वाचक, सातारा