नरांना पातं लावू नकोस

समुद्रपूर, जि. वर्धा
९ डिसेंबर

प्रिय गजा,

तुझं पत्र परवा मिळालं. डुकरीण व्याली, नऊ पिल्लं जगली, त्यात पाच नर. वाचून फार बरं वाटलं. शेवटी तू विचारलंस, नर खच्ची कधी करायचे, गावातला एक जण पातं घेऊन यायला तयार आहे. गजा, त्याला बोलावू नकोस.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मी बोलावला होता. मी मागचे पाय धरले, त्यानं चिरा दिल्या. चौथ्या पिल्लाची एक बाजू जरा फुगलेली होती. आम्हाला वाटलं, अंडच मोठं असेल. तो हर्निया होता. चीर पडली आणि आतडं बाहेर आलं. माझ्या हातातच गेलं रे ते. बाकीची जगली, पण दोन दिवस नीट दूध प्यायली नाहीत. डॉक्टर नंतर म्हणाले, आधी जांघ चाचपून पाहायची असते, आणि भुलीशिवाय पातं लावायचंच नाही. जर्मनीत तर २०२१ पासून बिनभुलीनं खच्ची करायला कायद्यानंच बंदी आहे.

लोक हे उगाच करत नाहीत, हेही खरं. वयात आलेल्या नराच्या मांसाला वास मारतो. अंडात अँड्रोस्टेनोन नावाचं द्रव्य तयार होतं आणि चरबीत साठतं. दुसरं स्कॅटोल. ते आतड्यातले जंतू तयार करतात. मादीच्या पोटातही ते असतं, पण तिचं यकृत ते जिरवतं. वयात आलेल्या नराच्या यकृताला ते तितकं जमत नाही. चरबी तापली की दोन्ही वास वर येतात. मी करून पाहिलं. गावात दोन वर्षांचा नर कापला, तेव्हा पाठीची चरबी आणून तव्यावर टाकली. मला काहीच जाणवलं नाही. ही मात्र आतून धावत आली, "काय शिजवून रायले तुम्ही? मुतारीचा वास सुटला ना बाप्पा!" अँड्रोस्टेनोनचा वास कित्येकांना येतच नाही, बायकांना बहुधा जास्त येतो. तेव्हा तुझ्या नाकावर जाऊ नकोस, वहिनींना विचार.

यंदा मी सहाही नर तसेच ठेवले. इंग्लंड-आयर्लंडकडे बहुतेक नर असेच वाढवतात आणि लहान वयातच कापायला पाठवतात. आपली अडचण खाद्याची आहे. पांढऱ्या यॉर्कशायर जातीचा नर चांगल्या खाद्यावर सहा महिन्यांत सत्तर-ऐंशी किलोला जातो. उष्ट्याखरकट्यावरचं गावरान डुक्कर तेवढं भरेपर्यंत पुरतं वयात आलेलं असतं. म्हणून वजनाकडे पाहून थांबू नकोस, महिने मोज. मी मका, सोयाबीनची ढेप आणि तुरीची चुनी यांवर हात आखडता घेतला नाही. खच्ची न केलेला नर त्याच खाद्यात जास्त वाढतो आणि चरबी कमी धरतो, त्यामुळे तो खर्च बराचसा निघाला.

पाचव्या महिन्यापासून ते एकमेकांवर चढतात, भांडतात. एकाच वेतातले भाऊ पहिल्यापासून एकत्र ठेव, त्यांच्यात परका नर घालू नकोस, आणि माद्या वेगळ्या काढ. जमीन कोरडी हवी. शेणामुतात लोळलं की स्कॅटोल अंगात वाढतं. मी रोज दोनदा शेण काढतो, कुटार पसरतो. विक्रीआधी काही दिवस चिकोरीचं मूळ चारलं की स्कॅटोल घटतं, पण ते इकडे आणायचं कुठून?

लसही आहे. दोन टोचण्या, किमान चार आठवड्यांच्या अंतरानं. दुसरी कापण्याआधी चार ते सहा आठवडे. अंडाला चालना देणाऱ्या संप्रेरकाविरुद्ध शरीरच उभं राहतं, मग साठलेला वासही उतरतो. मला पातं न लावणारा हा उपाय सगळ्यात आवडला, पण आमच्याकडच्या दुकानांत ती मिळाली नाही. तुला मिळालीच, तर डॉक्टरांकडूनच टोचून घे. सुई माणसाला लागली तर धोका असतो, आणि गरोदर बाईनं तर ती हातातही धरू नये.

आता विक्रीचं. व्यापाऱ्याला अंड दिसलं की तो भाव पाडतो. मी नागपूरच्या एका दुकानदाराशी आधीच बोललो होतो. पहिले दोन साडेपाच महिन्यांचे नेले. त्यानं माझ्यासमोर चरबी तापवली, घरातल्या बाईला बोलावून हुंगवली. काही नाही. तिसरा महिनाभर उशिरा नेला, त्याला हलका वास निघाला. मी त्याचे पैसे कमी घेतले. उरलेले तीन मग त्याच आठवड्यात काढले.

तू गिऱ्हाईक आत्ताच शोध, पिल्लं दूध पिताहेत तोवरच. आणि प्रत्येकाची जन्मतारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेव. संक्रांतीनंतर मी तिकडे येतोच आहे. खाद्याचा हिशोब बसून करू, आणि तुझ्या पाचही पिल्लांची जांघ मी स्वतः चाचपून पाहीन. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच,
बाळू